तैपेईच्या रात्रबाजारात पहिल्यांदा जाताना

माझा मावसभाऊ पुण्याहून तैपेईला आला, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी त्याला राओहच्या रात्रबाजारात नेलं. आत शिरल्यावर तिसऱ्या-चौथ्या गाडीवरच त्याने स्वतःच्या तोंडाएवढा तळलेल्या चिकनचा तुकडा घेतला, उभ्या उभ्या अख्खा संपवला आणि वर मोठा ग्लास भरून दुधाचा चहा ढोसला. वीस मिनिटांत गडी गार. पुढचा सगळा बाजार पोटावर हात ठेवून नुसता बघत चालला आणि परतताना माझ्यावरच डाफरला, "आधी सांगायला काय झालं होतं?"

तेव्हापासून जो येतो त्याला आधी सांगतो. मी राहतो शिंचूला, तैपेईहून वेगवान रेल्वेने अर्ध्या तासावर, आणि पाहुणे आले की रात्रबाजाराची वारी ठरलेली. तेच तेच इतक्यांदा बोलून झालंय की आता लिहूनच ठेवतो.

बाजार कुठला निवडायचा

तैवानी रात्रबाजार आपल्याला परका वाटत नाही, कारण मुळात तो जत्रेचा भाऊ. देवळापुढे माणसं जमतात, माणसांना भूक लागते, भुकेच्या मागून गाड्या येतात. राओहच्या तोंडाशी मात्सू या समुद्रदेवीचं १७५३ सालचं देऊळ आहे. उत्तरेकडच्या कीलुंग बंदरातल्या बाजाराचं तर नावच म्याओखोउ, म्हणजे 'देवळाच्या तोंडाशी'. आमच्या शिंचूत नगरदेवतेच्या देवळाला गाड्यांनी असा वेढा घातलाय की देव शोधायला आधी शेवयांच्या वाफेतून वाट काढावी लागते. फरक एवढाच की आपली जत्रा वर्षातून एकदा आणि ही बहुतेक ठिकाणी रोज.

'बहुतेक' म्हणालो, कारण दक्षिणेकडच्या ताइनान शहरात मोठे बाजार आठवडी आहेत. कुठल्या वारी कुठला, हे लक्षात राहावं म्हणून तिथल्या लोकांनी सोमवारपासूनची सात अक्षरं पाठ केलीत: दा-दा-वू-ह्वा-दा-वू-ह्वा. दा म्हणजे दादोंग, वू म्हणजे वूशेंग, ह्वा म्हणजे ह्वायुआन, बागेचा बाजार. ह्वायुआन गुरुवारी आणि रविवारी भरतो, आणि पाठांतरात नसला तरी शनिवारीही. ताइनानला मंगळवारी उतरून 'ह्वायुआन कुठे' विचारलंत तर मोकळं मैदान बघून परत याल.

पहिल्या खेपेला मात्र तैपेईतला राओह घ्या. तो १९८७ पासून पर्यटकांसाठीचा बाजार म्हणून चालतोय, पण स्थानिक लोकही तिथे येऊन जेवतात. साधारण सहाशे मीटरचा एकच सरळ रस्ता आहे, हरवायला जागाच नाही. मधोमध गाड्यांची रांग आणि दोन्ही कडांना दुकानं. उजव्या अंगाने चालत जायचं, टोकाला वळायचं आणि पुन्हा उजव्या अंगानेच परत यायचं. मेट्रोच्या हिरव्या लाइनचं शेवटचं स्टेशन सोंगशान, पाच नंबरच्या दारातून बाहेर पडलात की समोर देवळाचं रंगीत छप्पर दिसतं. मात्र तपकिरी लाइनवर 'सोंगशान विमानतळ' नावाचं वेगळंच स्टेशन आहे. तिथे उतरलात तर विमानं दिसतील, बाजार नाही.

सगळ्यात मोठं नाव शिलिनचं. तिथे नक्की जा, पण दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला. तो गल्ल्यांचा गुंता आहे, त्यात कपडे, मोबाइलची कव्हरं, फुगे फोडायचे खेळ असं सगळंच. खायलाच आलेल्या नव्या माणसाची त्यात दमछाक होते. शिवाय शिलिन बाजारासाठी शिलिन स्टेशनवर उतरायचं नसतं, त्याच्या अलीकडच्या ज्येनतान स्टेशनवर उतरायचं. गल्लीच्या मधोमध ढकलगाडी लावून विकणारे कधी एकदम सामान गुंडाळून पळताना दिसले तर घाबरू नका. पोलीस आलेत, एवढाच अर्थ. दादरला वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

तिसरा निंगश्या. लहान, निव्वळ खाण्याचा आणि माझा सर्वांत लाडका. पण तिथली वाट अरुंद आहे, आणि आपल्याला काय हवंय हे आधीच ठाऊक असलेल्या माणसाला तो जास्त भावतो.

निघण्याआधी

दुपारचं जेवण हलकं ठेवा. गाड्या पाचच्या सुमारास लागायला लागतात, सहाला बाजार रंगात येतो, साडेसात ते नऊ चेंगराचेंगरी. शनिवारी तर आपण चालत नाही, गर्दी आपल्याला नेते. आठवड्याच्या मधल्या वारी साडेपाच-सहाला पोचणं उत्तम.

एकट्याने जाऊ नका आणि सात-आठ जणांचं लटांबरही नेऊ नका. तीन किंवा चार हा आकडा बरोबर बसतो. प्रत्येक पदार्थ एकच घ्यायचा आणि सगळ्यांनी मिळून खायचा. पोट एकच, गाड्या शंभरावर, हे गणित माझ्या मावसभावाला सुटलं नव्हतं. जास्तीच्या काड्या मागितल्या तर कोणी नाक मुरडत नाही, इथलेही लोक असंच खातात.

पैसे रोख न्या. मेट्रोचं ईझीकार्ड काही गाड्यांवर चालतं, पण बऱ्याच ठिकाणी शंभराची नोट आणि चिल्लर हाच व्यवहार. तैवानी डॉलर आपल्या अडीच-तीन रुपयांच्या आसपास धरा. माणशी पाचशे-सहाशे डॉलरमध्ये पोट भरून वर उरतं. हजाराची नोट पन्नासच्या खरेदीला पुढे करू नका, आधी कोपऱ्यावरच्या दुकानात पाण्याची बाटली घेऊन मोडून या. भाव करायचा नाही, पाटीवर लिहिलंय तेच. टिपही द्यायची नाही.

खिशात टिश्यूचं पाकीट आणि एक रिकामी पिशवी असू द्या. पिशवी कशाला, ते पुढे सांगतो.

पहिली फेरी रिकाम्या हाताने

हे कोणी ऐकत नाही, पण सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काहीही न घेता चाला. दहा-पंधरा मिनिटं लागतात. नाकाला त्रास होईल, तोंडाला पाणी सुटेल, चालत राहा.

बघायचं काय? एक, ज्या गाडीवर एकच पदार्थ मिळतो ती हेरून ठेवा. वीस वर्षं फक्त पाव भाजणारा माणूस आणि वीस पदार्थांचे फोटो लावलेला माणूस यात माझा कौल नेहमी पहिल्याला. दोन, रांगेत कोण उभं आहे ते बघा. हेल्मेट हातात घेतलेला माणूस, गळ्यात ऑफिसचं कार्ड, शाळेचा गणवेश, अशी रांग असेल तर डोळे मिटून उभे राहा. सगळेच मोबाइल वर धरून उभे असतील तर ती रांग खाण्याची नाही, फोटोची. तीन, मिशलिन या चांगल्या खाण्याच्या जागा निवडणाऱ्या मार्गदर्शक पुस्तकाचं लाल-पांढरं पत्रक. तैपेईची मिशलिन यादी २०१८ साली सुरू झाली आणि तिच्या 'बिब गूरमां' या स्वस्त-आणि-चांगल्या विभागात रात्रबाजारातल्या कित्येक गाड्या आल्या. पत्रक असलं की पदार्थ बहुधा चांगला असतो आणि रांग नक्कीच लांब असते.

फेरी झाली की चार-पाच पदार्थ ठरवा. आता खायला लागा.

भट्टीतला पाव

राओहमध्ये देवळाकडच्या टोकालाच हूज्याओ-बिंगची भट्टी आहे. हूज्याओ म्हणजे मिरी. हा पाव चीनच्या फूच्यो भागातून आलेला, पण तयार होताना बघाल तर तुम्हाला आपला तंदूर आठवेल. माणसं ओळीने उभी असतात. एक जण कणकेचा गोळा तळहातावर पसरून त्यात मिरी लावलेलं डुकराचं मांस भरतो. मग तो गोळा चिरलेल्या कांदापातीच्या डोंगरावर दाबला जातो, मूठभर पात आत शिरते, तोंड मिटतं. वरच्या बाजूला तीळ. मग कोळशाच्या मातीच्या भट्टीत हात घालून आतल्या भिंतीला एकेक पाव थापला जातो. भट्टीची भिंत भरली की वरून बघताना मधमाश्यांच्या पोळ्यासारखी दिसते.

साठेक डॉलरला एक मिळतो, कागदी पाकिटात. आता ऐका: लगेच चावू नका. आतला रस उकळता असतो आणि पहिल्याच घासाला टाळू सोलून निघाली की उरलेल्या बाजाराची चव गेली. वरच्या कडेला दातांनी छोटं भोक पाडा, वाफ जाऊ द्या, दोन मिनिटं हातातच ऊब घ्या. नंतर खा. वरून कुरकुरीत, आत कांदापात जवळजवळ विरघळलेली आणि मिरीचा झटका घशाशी. तैवानी खाणं एकूण सौम्य असतं, त्यात आपल्या जिभेला ओळखीचा वाटणारा हा पहिला पदार्थ. डुक्कर खात नसाल तर हा सोडावा लागेल, त्याला इलाज नाही.

कालवं, कोंबडी आणि तो वास

ओ-आ-ज्येन म्हणजे कालवांचं आम्लेट. मालवण-रत्नागिरीकडच्या मंडळींनी कालवं म्हटल्यावर डोळे विस्फारू नयेत, आपल्या सुक्यासारखं हे नाही. तव्यावर छोटी कालवं, त्यावर रताळ्याच्या पिठाचं पातळ कालवण, अंडं, पालेभाजी आणि शेवटी लालसर गोड सॉस. पिठामुळे ते पारदर्शक, लिबलिबीत होतं. पहिल्यांदा खाणाऱ्या दहातल्या पाच जणांना ते 'कच्चं राहिलंय' असं वाटतं. राहिलेलं नसतं, तसंच असतं. चावताना किंचित ताणून परत येणारा पोत इथे फार मानाचा, त्याला ते 'क्यू' म्हणतात, आणि फारच छान असला तर 'क्यू-क्यू'. मराठीत या पोताचं कौतुक करणारा शब्द मला अजून सापडलेला नाही. आपण 'चिवट' म्हणतो आणि ताट सरकवतो.

जी-पाय, म्हणजे मावसभावाला आडवं करणारं ते चिकन. कोंबडीची छाती चपटी करून रताळ्याच्या पिठात घोळवून तळतात आणि वरून मिरी-मीठ. विकणारा तिखट हवं का विचारेल, 'हो' म्हणा, त्यांचं तिखट आपल्याला पोरखेळ वाटतं. सत्तर ते शंभर डॉलर, तिघांत एक. त्याची धाकटी बहीण यान-सू-जी, म्हणजे छोटे तुकडे करून तळलेली खारी कोंबडी, मला जास्त आवडते. तिथे कच्चे तुकडे मांडून ठेवलेले असतात, आपण चिमट्याने टोपलीत भरायचे, टोपली द्यायची आणि नंबर घेऊन थांबायचं. फरसबी, भोपळी मिरची, राजा अळंबी, चिकन, काय हवं ते. शेवटच्या क्षणी तेलात तुळशीच्या जातीची पानं टाकतात. ती फडफडतात आणि त्या वासाने अख्खी गल्ली थांबते.

आता दुसरा वास. छोउ-तोउफू, सडक्या वासाचं तोफू. आंबवलेल्या खाऱ्या पाण्यात मुरवून तळलेलं, बरोबर आंबट कोबी आणि लसणाचा सॉस. पहिल्या वेळी लोक गटार फुटलंय का म्हणून इकडेतिकडे बघतात. पण ज्या घरात कधी सुके बोंबील भाजलेत, ज्यांनी त्यापायी शेजारच्यांचे टोमणे ऐकलेत, त्यांना हे नातं लगेच कळतं: वास दाराबाहेरच्यांसाठी, चव आतल्यांसाठी. तळलेलंच घ्या, रश्श्यातलं नको, ते पुढच्या इयत्तेचं. तुकड्यात काडीने भोक पाडून त्यात कोबी कोंबायचा आणि एकदम तोंडात. वास तोंडात गेल्यावर कुठे जातो कोण जाणे, उरतं ते कुरकुरीत आणि आंबटगोड. माझी वहिनी नाकावर ओढणी धरून उभी होती. तिनेच दुसरी प्लेट मागवली.

सॉसेजच्या गाडीवर 'मोठ्या आतड्यात छोटं आतडं' असं नाव असलेला पदार्थ मिळतो. चिकट भाताचं जाड सॉसेज मधून चिरून त्यात डुकराचं सॉसेज घालतात, वडापावची रचना म्हणा. गोव्याच्या वाचकांना सावधगिरीची सूचना, हे तुमच्या चोरिसासारखं आंबट-तिखट नसतं, चक्क गोड असतं. बरोबर कच्च्या लसणाची पाकळी देतात, ती टाळू नका.

शाकाहारी असाल तर

इथे जरा थांबून वाचा, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

चांगली बातमी आधी. बौद्ध परंपरेमुळे तैवानमध्ये शाकाहार लोकांना नीट समजतो, आणि त्याला एका अक्षराचा शब्द आहे: सू. 'वो छ्र सू' म्हणजे मी शाकाहारी आहे. पाटीवर 素 हे अक्षर शोधा. पुष्कळ शाकाहारी दुकानांवर शेजारी चक्क स्वस्तिक असतं, बौद्धांचं, डावीकडे वळणारं. आईला इथे फिरवताना तिने पाटी न वाचताच दुकान ओळखलं होतं.

कायद्यानेच पाकिटबंद शाकाहारी पदार्थांवर प्रकार लिहावा लागतो: पूर्ण शाकाहारी, अंड्याचा, दुधाचा, दूध-अंड्याचा आणि 'वूशिन'चा. वूशिन म्हणजे पाच उग्र वनस्पती. कट्टर बौद्ध त्या खात नाहीत, म्हणून पूर्ण 'सू' जेवणात कांदा-लसूण नसतोच. जैन मंडळींना याहून सोयीचा परदेश क्वचित मिळेल. गंमत म्हणजे या पाचांच्या यादीत कांदापात, लसूण यांच्याबरोबर 'शिंगछ्यू' असंही एक नाव आहे, आणि ते दुसरंतिसरं काही नसून संस्कृत 'हिंगु'. म्हणजे आपल्याकडे कांदा-लसूण सोडलेला माणूस ज्याच्या जिवावर आमटी करतो, तो हिंग इथे कांद्याच्याच पंगतीला बसवलाय.

आता वाईट बातमी. 'यात मांस नाही ना' एवढंच विचारून भागत नाही. उकडलेल्या हिरव्या भाजीवर डुकराच्या खिम्याचा रस्सा ओतणं इथे नेहमीचं. कांदापातीच्या पोळीला कधी चरबी लावलेली असते. सडक्या तोफूचं पाणी मुरवताना कोळंबी वगैरे घातलेली असू शकते. यान-सू-जीच्या गाडीवरची फरसबी कोंबडी तळलेल्याच तेलात उतरते. 'थ्येन-बू-ला' हे नाव जपानी टेम्पुरावरून आलंय, पण आहे माशाचं. आणि काडीवर लावलेली, दाण्याच्या कुटात घोळवलेली, वर कोथिंबीर भुरभुरलेली ती काळसर वडी लांबून चॉकलेटच्या कुल्फीसारखी दिसते. ती चिकट तांदूळ आणि डुकराच्या रक्ताची असते. एका मित्राने मुलीसाठी ती घेतली होती, शेवटच्या क्षणी हातातून काढून घेतली.

डोळे मिटून घेता येईल असं काय? निखाऱ्यावर भाजलेलं कणीस, फक्त सॉस कसला ते विचारा. भाजलेली राजा अळंबी. रताळ्याचे गोळे. अझुकी या बारीक लाल कडधान्याच्या गोड सारणाचे चाकाच्या आकाराचे केक, पिठात बहुधा अंडं असतं. तोउह्वा, म्हणजे रेशमासारखं मऊ तोफू साखरेच्या पाकात. आणि फळं. उपाशी राहणार नाही, पण पोटभर जेवण हवं असेल तर सू पाटीचं दुकान आधी गाठा आणि बाजारात गोडाधोडाला या.

गोड आणि थंड

रताळ्याच्या गोळ्यांच्या गाडीपुढे पाच मिनिटं नुसतं उभं राहून बघाच. रताळं आणि स्टार्चच्या सुपारीएवढ्या गोळ्या तेलात सोडतात, आणि विकणारा मोठ्या झाऱ्याने त्यांना कढईच्या तळाशी दाबतो, सोडतो, पुन्हा दाबतो. दर दाबाला त्या चपट्या होतात, सोडल्यावर आधीपेक्षा मोठ्या होऊन वर येतात. शेवटी लिंबाएवढे पोकळ फुगे होतात, बाहेर कुरकुरीत, आत नुसती हवा. चाळीस-पन्नास डॉलरला पिशवी. एकादशीला चालतील का, असं आईने विचारलं होतं. तेल कोणतं आणि त्यात आधी काय तळलं, हे कळल्याशिवाय मी त्यावर मत देणार नाही.

दुसरा पदार्थ म्हणजे दाण्याच्या चिक्कीतलं आइस्क्रीम. गाडीवर चिक्कीची लादी असते, विटेहून मोठी, आणि विकणारी बाई सुताराचा रंधा घेऊन ती तासते. होय, रंधाच. पातळ पोळीवर तो चिक्कीचा भुसा, त्यावर आइस्क्रीमचे दोन-तीन गोळे, बहुतेकदा अळकुडीचे नाहीतर अननसाचे, आणि वर मूठभर चिरलेली कोथिंबीर. मग सगळं गुंडाळून हातात. कोथिंबीर नको म्हणाल. म्हणू नका. लोणावळ्याची चिक्की खाऊन मोठ्या झालेल्या माझ्यासारख्याला वाटलं होतं की चिक्कीबद्दल कोणी नवीन काही शिकवणार नाही.

मोती घातलेला दुधाचा चहा १९८० च्या दशकात तैवानमध्ये निघाला, कोणी पहिला केला यावर ताइचुंग आणि ताइनानमधल्या दोन चहावाल्यांत जुना वाद आहे. त्यातले काळे मोती कसाव्याच्या स्टार्चचे, म्हणजे आपल्या साबुदाण्याचे सख्खे भाऊ. साखर-बर्फ विचारतातच, तयार राहा: 'बान थांग' अर्धी साखर, 'वेइ थांग' थोडी, 'शाओ बिंग' कमी बर्फ. पण हा चहा पोट भरतो, म्हणून शेवटी. खाता खाता प्यायला कोहळ्याचं थंड पेय घ्या, तुंग-ग्वा-छा. नावात छा, पण चहाचं पान नाही, नुसता कोहळा आणि साखर आटवून केलेला अर्क. पेठ्याचं पाणी म्हणा हवं तर. तेलकट तोंडावर त्याच्यासारखा उतारा नाही. आय-यू मिळाली तर तीही घ्या. आपल्या उंबराच्या जातीतल्या एका वेलीचं फळ, त्याच्या बिया कापडात बांधून पाण्यात चोळतात आणि विस्तवाविना पाण्याची जेली होते. वर लिंबू.

तोंडाने आणि बोटाने

मालकाला 'लाओबान' म्हणा, बाई असली तर 'लाओबानन्यांग'. आपल्या 'शेठ'सारखं आहे, चेहरा खुलतो. पदार्थाकडे बोट, एक बोट वर, 'ई ग' म्हणजे एक. 'नेइ-योंग' म्हणजे बसून, 'वाय-दाय' म्हणजे बांधून. 'बू ला' तिखट नको, 'बू याओ' नको, 'श्येश्ये' धन्यवाद. चिनी भाषेत शब्दाचा सूर चुकला की अर्थ बदलतो हे खरं, पण गाडीपुढे भुकेला परदेशी माणूस काय म्हणतोय ते सगळ्यांना कळतं.

गाडीपुढच्या स्टुलावर बसायचं असेल तर प्रत्येकाने काहीतरी मागवणं अपेक्षित असतं. चौघांनी बसून एक आम्लेट असं करू नका. तसं करायचंय तर उभ्याने खा.

फळांच्या गाडीवर मात्र डोळे उघडे ठेवा. एका बाजारात मी कापलेला पेरू आणि जाम पिशवीत भरून घेतले, पाटीवरचा आकडा बघून खूश होतो. तो आकडा शंभर ग्रॅमचा निघाला. पिशवी तीनशे साठ डॉलरची झाली, फळं चिरून झालेली, परत कुठे देणार? शिवाय इथला 'जिन' सहाशे ग्रॅमचा असतो, किलो-अर्धा किलोचा हिशोब डोक्यात ठेवून गेलात की गोंधळ ठरलेला. आता मी आधी पैसे सांगतो, 'वूश्र ख्वाय', पन्नासचं द्या. मंडईतल्यासारखं. पेरूवर वाळवलेल्या आंबट प्लमची पूड टाकतात, तिखटमिठाची उणीव भरून काढते. हिवाळ्यात आलात तर सीताफळ बघा. त्याला इथे 'श्र-ज्या' म्हणतात, शाक्यमुनी बुद्धाच्या नावावरून, मूर्तीच्या डोक्यावरच्या कुरळ्या केसांसारखं दिसतं म्हणून. मुठीत न मावणारी असतात. गर भरपूर, पण सासवडच्या सीताफळाची चव नाही, हे मी पक्षपात मान्य करून सांगतो.

परतताना

कचऱ्याचे डबे जवळजवळ नसतातच. ज्या गाडीवर घेतलं तिथल्या पिशवीत त्यांचाच कागद टाकता येतो, दुसऱ्याचा टाकायला जरा ओशाळं वाटतं. म्हणून ती रिकामी पिशवी. काड्या, ग्लास, पाकिटं तिच्यात गोळा करत जायचं आणि स्टेशनवरचा डबा गाठायचा. हात धुवायला आणि स्वच्छतागृहाला स्टेशनच बरं.

मेट्रो साधारण मध्यरात्रीपर्यंत असते. फाटकापाशी जमिनीवर पिवळी रेघ आहे. तिच्या पलीकडे खाणं-पिणं बंद, च्युइंगगम नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. दंड दीड हजार ते साडेसात हजार डॉलर. बांधून घेतलेलं नेता येतं, उघडायचं नाही. दर रात्री त्या रेघेच्या अलीकडे सात-आठ माणसं ग्लास हातात घेऊन उभी असतात आणि तळाशी अडकलेले शेवटचे मोती जाड स्ट्रॉने ओढत असतात. त्यांच्यात जाऊन उभे राहा. घाई नाही, पुढची गाडी थोड्या मिनिटांत येतेच.